प्रॉम्प्टर

केंजळ्यांच्या मुलीनं बाणेरहून लिंक पाठवली.
कामगार नाट्यस्पर्धा, सत्त्याऐंशी साल, खडकी डेपोचा संघ.
कॅमेरा लग्नं शूट करणाऱ्या माणसाचा, भाड्यानं आणलेला.
कॅसेटला धरलेली बुरशी
चित्राच्या तळाशी अजून थरथरते आहे.

एक तास चार मिनिटांवर केंजळे वाक्य विसरतात.
विसरले, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.
परीक्षक म्हणाले होते, त्या शांततेला तोड नाही.
त्याच शांततेत कॅमेरावाल्याचा हात जरासा चुकतो,
टेबल, टेबलावरचा तांब्या, निळ्या पडद्याची कड,
आणि विंगेत मी.
मांडीवर वही. स्टुलाचा एक पाय आखूड,
त्याच्याखाली पीएमटीच्या तिकिटांची घडी.
ती दिसत नाही. मला माहीत आहे.

सेकंदभर.
नाटकातली मी जगात एवढीच आहे.
बक्षिसाच्या फोटोत सगळे आहेत,
मी तेव्हा चहाचे कप मोजून परत देत होते.

मंडळाला पन्नास वर्षं झाली.
स्मरणिकेसाठी उपासनींना प्रत्येकाचा फोटो हवा,
"काम करतानाचा बरं का, काकू."

थांबवलं, तर तो मोठा त्रिकोण
नेमका माझ्या तोंडावर येऊन बसला.
तो जाईपर्यंत वाट पाहिली, तर खालून तांबडी रेघ आली.
मग मोबाइलनं सरळ स्क्रीनचाच फोटो काढला.
त्यात बिबवेवाडीतल्या आमच्या खिडकीचे गज आले,
वाळत घातलेला टॉवेल आला,
मी त्याच्यामागे कुठेतरी.

वरच्या मजल्यावरचा निहार क्लासला निघाला होता.
उभ्या उभ्याच म्हणाला, आजी, आधी थांबवायचं,
मग स्वल्पविराम दाबला की एक चौकट मागे,
पूर्णविराम दाबला की एक पुढे.

मला हसू आलं. त्याला काय सांगू,
उभा जन्म याच दोन बटणांवर गेला.
माणूस श्वास घेतोय, की संपलंय त्याच्याकडचं,
हे पाठीवरून ओळखायचं.
संपलं असेल तर द्यायचं,
पण इतकं हळू
की पहिल्या रांगेतल्या साहेबाच्या बायकोला वाटावं, पंखा आहे.

सेकंदाला पंचवीस चौकटी.
एकीत डोळे मिटलेले.
एकीत अर्धा चेहरा फाटून शेजारच्या दोरखंडात मिसळलेला.
एकीत ओठ गोल: ते वाक्यातलं नाही,
मागून कुणीतरी चहा विचारला असणार, मी नको म्हणतेय.
पूर्णविराम. पूर्णविराम.
पुढे गेले फार.
स्वल्पविराम.

ही.
ओठ घट्ट मिटलेले.

वही रद्दीत गेली त्याला किती वर्षं झाली,
वाक्य पाठ आहे:
मीच जाळली ती पत्रं, आई.
ओठ मिटलेत ते म-साठी.
डाव्या कोपऱ्यात केंजळ्यांचा कान आहे,
निम्माच, पण स्वच्छ.
पुढच्या चौकटीत त्यांना सगळं आठवणार,
त्याच्या पुढे टाळ्या.
या एकीत ते फक्त मला माहीत आहे.

निहारनं तीन बटणं एकदम दाबली, चौकट कापून दिली.
नाव काय देऊ?
म.
नुसतं म?
नुसतं.

दोन दिवसांनी उपासनींचा फोन.
"काकू, फार धूसर आहे हो. शिवाय तोंड बंद.
प्रॉम्प्टर वाटतच नाही.
त्यापेक्षा पासपोर्टचा असेल ना एखादा?"

होता. पाठवला.
तोंड त्यातही बंदच आहे,
पण त्यात कुठलं अक्षर नाही.